डाग नसल्याचा दाखला

ऑगस्ट. मनामात बाहेर शेहेचाळीस,
आत सर्किसशेठच्या दुकानात मात्र
गिऱ्हाइकाच्या बोटांना घाम येऊ नये
म्हणून विकत घेतलेला पौष महिना.
मी मागच्या खोलीत.
तिला खिडकी नाही, तिजोरीला नसते तशी.

दुपारी उम्म जासिमला आणलं.
सून पुढं, ड्रायव्हर मागं,
मधे म्हातारी, डावा हात काळ्या कापडाखाली
लपवून, जणू कुणाचं चोरलंय.

अंगठी निघत नव्हती.
साबण झाला, तेल झालं, बर्फ झाला,
दोरा गुंडाळून झाला. बोट
कोवळ्या वांग्यासारखं जांभळं.
डॉक्टर म्हणाले होते, कापा.
सुनेनं म्हणे घाबरून विचारलं, काय?

नऊ कॅरेट. रंग डी, म्हणजे रंग नाहीच.
नवऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी जिनिव्हाहून आणलेला.
असे खडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके,
सर्किसशेठ मला कुजबुजले,
आणि त्यातलं एक बोट माझ्यासमोर सुजत होतं.

आम्ही विट्याकडचे, गलाईवाले.
बाप त्रिचूरला सोनारांचा केर विकत घ्यायचा,
राख, पोछ्याचं पाणी, झिजलेली पायपुसणी,
आणि त्यातून सोनं काढायचा.
धातू कुठं जात न्हाई, म्हणायचा, माणूस जातो.
मी आटणी सोडून जडणी शिकलो, समुद्र ओलांडला,
पण कापताना खाली चामडं अंथरायची
सवय काही सुटली नाही.

पट्टी आणि कातडी यांच्यामधे
पातळ पत्रा सरकवला. चक्री लावली.
प्लॅटिनम चिवट, सोन्यासारखं ऐकत नाही.
दहा फेरे, मग पाण्याचा एक थेंब.
दहा फेरे, थेंब.
शुवय्या, ती म्हणाली, शुवय्या.
मला म्हणाली की अंगठीला, कळलं नाही.

मग नख तुटावं एवढाच आवाज.

सगळे खड्यावर वाकले.
दाखला उघडला, आकडे जुळवले,
शेठनी मलाही बघायला लावलं, साक्षीदार म्हणून.
भिंगातून पाहिलं. आत काही नाही.
बुडबुडा नाही, रेघ नाही, धुक्याचा ठिपकासुद्धा नाही.
रिकाम्या खोलीत कुणी दिवा चालू ठेवून
निघून गेल्यासारखं.

भिंग डोळ्यावर तसंच होतं
आणि मी मान वळवली.
तिचं बोट. दहापट मोठं.
पट्टीच्या जागी खोल, पांढरा चर,
चाळीस वर्षं ऊन न पाहिलेला,
तान्ह्या बाळाच्या मनगटावर असतो तसा.
त्याच्या वर भट्टीचा जुना चटका,
खाली मासा साफ करताना झालेली तिरकी खूण,
नखाच्या कडेला हळद, नाहीतर उतरलेली मेंदी.
वाचायला दिवस पुरला नसता.

तिच्या लक्षात आलं.
मला वाटलं, हात ओढून घेईल.
तिनं तो पालथा होता, तो उताणा केला.

सून म्हणाली, मोठी पट्टी बसवा.
शेठ म्हणाले, पंधरा दिवस, पॅरिसला पाठवू.
तिला कुणी विचारलं नाही.
ती चर खाजवत होती, हळूहळू,
झोपेतून उठलेल्या माणसासारखी.

चामड्यावरचा कीस मी पिसानं गोळा केला,
तोलला. एकशे चाळीस मिलिग्रॅम.
पुडी बांधली, वर नाव घातलं,
खड्याच्या पेटीशेजारी ठेवली.
जाताना तिनं पेटीकडे पाहिलंही नाही.
पुडी मात्र उचलली,
हुंगली, आणि कापडाच्या आत कुठंतरी ठेवली.

रात्री चामडं झटकलं तर आणखी एक कण.
धातू की तिची कातडी,
भिंगातूनही ठरेना.
वहीत नोंद केली.
वजनाच्या रकान्यात काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.